डब्यातील प्रथिनांचा हिशेब

मुंबईत सध्या प्रथिनांविषयी दोन परस्परविरोधी गोष्टी एकाच वेळी ऐकू येतात. व्यायामशाळेच्या काउंटरवर व्हे पावडरचे, म्हणजे दुधाच्या निवळीतल्या प्रथिनाचे, डबे मांडलेले असतात, बिस्किटांपासून कुल्फीपर्यंत प्रत्येक वेष्टनावर प्रथिनांचा आकडा ठळक छापलेला असतो आणि 'भारतीय माणूस प्रथिनांच्या बाबतीत कंगाल आहे' असे ठासून सांगितले जाते. दुसरीकडे, वरण-भात आणि भाजी-पोळी खाऊन मागच्या पिढ्या धडधाकट जगल्या, मग हे नवे खूळ कशाला, असे घरोघरी म्हटले जाते. या दोन्ही बोलण्यांत थोडे तथ्य आहे, पण दोन्हींत हिशेब मांडला जातो तो ग्रॅमचा. शरीराला खरी गरज असते ती अमिनो आम्लांची, आणि ती ठरावीक प्रमाणात मिळावी लागतात. हे लक्षात घेऊन मुंबईतल्या एखाद्या सर्वसाधारण शाकाहारी घराचा डबा तपासला, तर प्रथिनांचा एकूण आकडा बऱ्याचदा पुरेसा भरतो. कमी पडतो तो त्यातला डाळीचा आणि दुधाचा वाटा.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी. मानवी शरीरातली प्रथिने मुख्यतः २० प्रकारच्या अमिनो आम्लांपासून बनतात आणि त्यांचा क्रम बदलला की प्रथिनाचे कामही बदलते. इन्सुलिन हे ५१ अमिनो आम्लांचे छोटेसे प्रथिन आहे. त्याचा संपूर्ण क्रम फ्रेडरिक सँगर यांनी उलगडला आणि त्यासाठी त्यांना १९५८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले असतात. त्यांपैकी सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन आले की सिकलसेल हा आजार होतो. पालघर, नंदुरबार, गडचिरोली या जिल्ह्यांतल्या आदिवासी समाजांत हा आजार मोठ्या प्रमाणावर आढळतो. तो जनुकांमुळे होतो, आहारामुळे नव्हे, हे स्पष्ट करायला हवे. परंतु साखळीतली एक जागा किती निर्णायक असते, हे त्यावरून कळते.

सत्तर किलो वजनाच्या प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण ११ किलो प्रथिन असते आणि ते सतत मोडत व नव्याने घडत असते. आतड्याच्या आतले अस्तर काही दिवसांतच बदलते, तर तांबड्या रक्तपेशी सुमारे १२० दिवस टिकतात. या सगळ्या उलाढालीत प्रौढ शरीर दररोज अडीचशे ते तीनशे ग्रॅम प्रथिन मोडते आणि जवळपास तितकेच पुन्हा तयार करते. आहारातून आपण घेतो त्याच्या हे कितीतरी पट आहे, कारण मोडलेल्या प्रथिनांतली बहुतेक अमिनो आम्ले शरीर पुन्हा वापरते. जो थोडा भाग प्रत्यक्षात खर्च होतो, तेवढाच आहारातून भरून काढावा लागतो. येथे प्रथिन इतर अन्नघटकांपेक्षा वेगळे ठरते. चरबी शरीरात साठते आणि साखर ग्लायकोजेनच्या रूपाने काही काळ यकृतात व स्नायूंत राहते, पण अमिनो आम्लांसाठी असे कोठार नाही. जास्तीच्या अमिनो आम्लांतला नायट्रोजन यकृत युरियात बदलते, मूत्रपिंडे तो बाहेर टाकतात आणि उरलेल्या सांगाड्याचे ऊर्जेत किंवा चरबीत रूपांतर होते. युरिया तयार होण्याचे हे चक्र हान्स क्रेब्स आणि कुर्ट हेन्झेलाइट यांनी १९३२ मध्ये दाखवून दिले. रविवारी मटणावर ताव मारला म्हणून आठवडाभराची प्रथिनांची बेगमी होत नाही, ती याच कारणाने. आहारातून पुरेसे मिळाले नाही तर शरीर स्वतःच्या स्नायूंतून अमिनो आम्ले काढून घेते. स्नायूंनाच कोठार म्हणायचे असेल तर म्हणावे, पण त्यातून होणारी प्रत्येक उचल ताकदीच्या मोबदल्यात असते.

खाल्लेले प्रथिन आहे त्या रूपात शरीरात शिरत नाही. जठरातले आम्ल आणि पेप्सीन, त्यानंतर स्वादुपिंडातून येणारी ट्रिप्सिनसारखी विकरे साखळी तोडत जातात आणि लहान आतड्यातून सुटी अमिनो आम्ले किंवा दोन-तीन अमिनो आम्लांचे तुकडे शोषले जातात. त्वचेत आणि हाडांत असणाऱ्या कोलॅजेन या प्रथिनाची पावडर प्यायल्याने ते कोलॅजेन थेट चेहऱ्याच्या त्वचेत जाऊन बसेल, ही समजूत म्हणूनच भाबडी आहे. त्यातही कोलॅजेनमध्ये ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल अजिबात नसते. कोलॅजेन शिजवून मिळणाऱ्या जिलेटिनवर गरिबांचे पोषण स्वस्तात होईल, अशी आशा एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिसमध्ये बाळगली गेली होती आणि हाडांपासून काढलेल्या जिलेटिनचे सूप रुग्णालयांत दिलेही जात होते. फ्रांस्वा माजांदी यांच्या समितीने कुत्र्यांवर प्रयोग केले आणि १८४१ मध्ये निष्कर्ष दिला की, जिलेटिन प्रथिन असले तरी एकट्या जिलेटिनवर प्राणी जगू शकत नाहीत. कारण सांगता येण्याइतके रसायनशास्त्र तेव्हा पुढे गेलेले नव्हते.

ते कारण पुढल्या शतकात उलगडले. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात विल्यम कमिंग रोझ उंदरांना प्रथिनाऐवजी तोपर्यंत माहीत असलेल्या अमिनो आम्लांचे मिश्रण खाऊ घालत होते. मिश्रणावर उंदीर वाढत नसत. त्यांना दुधातले केसीन दिले की ते वाढत. म्हणजे केसीनमध्ये आणखी काहीतरी होते, जे मिश्रणात नव्हते. १९३५ मध्ये रोझ यांना ते सापडले. ते थ्रिओनीन होते, आणि प्रथिनांत सर्रास आढळणाऱ्या २० अमिनो आम्लांपैकी शोध लागलेले ते शेवटचे. त्यानंतर त्यांनी स्वतःच्या विद्यार्थ्यांनाच स्टार्च, साखर, लोणी, तेल, जीवनसत्त्वे आणि शुद्ध अमिनो आम्ले यांचा आहार दिला, एकेक अमिनो आम्ल काढून पाहिले आणि नायट्रोजनची जमा-खर्चाची मोजणी केली. शरीरात शिरलेल्या नायट्रोजनपेक्षा बाहेर पडणारा अधिक झाला की गाळलेले अमिनो आम्ल अत्यावश्यक, असा हा निकष होता. प्रौढांसाठी अशी आठ ठरली, आणि पुढे त्यांत हिस्टिडीनची भर पडून आजची नऊची यादी तयार झाली: हिस्टिडीन, आयसोल्युसीन, ल्युसीन, लायसिन, मेथिओनीन, फिनाइलअ‍ॅलनीन, थ्रिओनीन, ट्रिप्टोफॅन आणि व्हॅलीन. बाकीची अकरा अमिनो आम्ले निरोगी शरीर स्वतः तयार करू शकते. ही यादी पाठ करण्याची आपल्याला गरज नाही. आपल्या ताटाच्या दृष्टीने त्यांतली दोनच नावे महत्त्वाची आहेत, लायसिन आणि मेथिओनीन.

तांदूळ, गहू, ज्वारी आणि बाजरी यांच्या प्रथिनांत लायसिन कमी असते. डाळी आणि कडधान्यांत ते भरपूर असते, पण मेथिओनीन कमी पडते. एखादे प्रथिन घडवताना नऊपैकी एक अमिनो आम्ल संपले, तर बाकीची आठ शिल्लक असूनही बांधणी पुढे जात नाही. उकड संपली की सारण कितीही उरलेले असो, मोदक तितकेच होतात. उरलेले सारण निदान दुसऱ्या दिवशी वापरता येते. उरलेली अमिनो आम्ले मात्र वर सांगितल्याप्रमाणे जाळली जातात. गव्हाच्या एक ग्रॅम प्रथिनात सुमारे २७ मिलिग्रॅम लायसिन असते, तांदळाच्या प्रथिनात ३६ च्या आसपास आणि ज्वारीच्या प्रथिनात गव्हापेक्षाही कमी. प्रौढांसाठी आहारातल्या एकूण प्रथिनाच्या प्रत्येक ग्रॅममागे ४५ मिलिग्रॅम लायसिन असावे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने धरले आहे. डाळींमध्ये ते ६५ ते ७० आणि दुधात ७५ हूनही अधिक असते.

पिठले-भाकरी, वरण-भात, मेतकूट-भात, थालीपिठाची भाजणी, मुगाची खिचडी या जोड्या या हिशेबात चपखल बसतात, हे आता सर्वांनी इतक्या वेळा वाचले आहे की त्यात नवे काही राहिलेले नाही. ज्याचा क्वचितच उल्लेख होतो ते म्हणजे प्रमाण. जोडी असून भागत नाही. भाताच्या ढिगावर पातळ वरणाची एक पळी टाकली तर नावाला वरण-भात होतो, पण अमिनो आम्लांच्या दृष्टीने तो बराचसा भातच राहतो. या दोन गोष्टी एकाच घासात वा एकाच जेवणात खाल्ल्या पाहिजेत असा नियम मात्र नाही. प्रौढांच्या बाबतीत दिवसभराच्या आहारात दोन्ही आले तरी काम भागते. सकाळी भाकरी आणि दुपारी उसळ खाणाऱ्याने त्याची काळजी करू नये.

अमिनो आम्लांचे काम स्नायू आणि अवयव घडवण्यापुरते नसते. ट्रिप्टोफॅनपासून मेंदूतले सेरोटोनिन बनते आणि नायसिन या जीवनसत्त्वाची गरजही त्यातून अंशतः भागते. साधारण ६० मिलिग्रॅम ट्रिप्टोफॅनपासून एक मिलिग्रॅम नायसिन मिळते. नायसिनच्या कमतरतेने होणारा पेलाग्रा हा आजार जगभर मका खाणाऱ्या गरिबांत दिसत असे, पण दख्खनच्या पठारावर तो ज्वारीवर जगणाऱ्यांतही आढळला. हैदराबादमध्ये सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये असे मांडले की, ज्वारीतल्या ल्युसीनच्या अतिरेकामुळे हा आजार उद्भवत असावा. या सिद्धांतावर नंतर बराच वाद झाला. तरीही अमिनो आम्लांमधल्या असमतोलाचा प्रश्न त्याने आपल्याच धान्याच्या संदर्भात पुढे आणला, हे त्याचे महत्त्व आहे.

आता किती, या प्रश्नाकडे येऊ. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशींनुसार प्रौढांनी वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिन घ्यावे. म्हणजे ६५ किलोच्या पुरुषाला ५४ ग्रॅम आणि ५५ किलोच्या स्त्रीला ४६ ग्रॅम. या आकड्याचा अर्थ नेमका समजून घ्यायला हवा. सरासरी गरज दर किलोला ०.६६ ग्रॅम इतकी आहे. माणसामाणसांतला फरक लक्षात घेऊन, जवळजवळ सर्व निरोगी व्यक्तींना पुरेल असा तो वाढवलेला आकडा आहे. एखाद्याला रोज ४५ ग्रॅम प्रथिन मिळाले आणि शिफारस ५४ ग्रॅमची असली, म्हणून तो कुपोषित ठरत नाही. शिवाय ही शिफारस चांगल्या प्रतीच्या प्रथिनासाठी आहे. आहार मुख्यतः धान्यावर चालत असेल तर दर किलोला एक ग्रॅमच्या जवळ जाणे शहाणपणाचे ठरते.

हे आकडे स्थिर नाहीत, आणि त्यांच्या चढउताराला एक मराठी संदर्भ आहे. सिसली विल्यम्स यांनी आजच्या घानामध्ये १९३० च्या दशकात क्वाशिओरकोर या बालरोगाचे वर्णन केले. मक्याच्या पेजेवर वाढवलेल्या मुलांच्या अंगावर सूज येते, कातडी सोलवटते, केसांचा रंग उतरतो, आणि त्याचे कारण प्रथिनांची कमतरता असावी, असे त्यांना वाटले. त्यातून पुढल्या तीन दशकांत जगाची भूक म्हणजे मूलतः प्रथिनांची भूक, अशी धारणा रूढ झाली. १९६८ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी येऊ घातलेल्या प्रथिन-संकटाविषयी स्वतंत्र अहवालही काढला. या धारणेला आकडेवारीने आव्हान देणाऱ्यांत पांडुरंग वासुदेव सुखात्मे अग्रणी होते. सातारा जिल्ह्यातल्या बुध येथे १९११ मध्ये जन्मलेले सुखात्मे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख होते. भारतातल्या आहार-पाहण्यांचे विश्लेषण करून त्यांनी १९७० मध्ये दाखवले की, ज्यांच्या आहारात प्रथिन कमी पडते त्यांच्यापैकी बहुतेकांना मुळात पोटभर अन्नच मिळत नाही. ऊर्जा कमी पडली की शरीर अमिनो आम्ले बांधकामाला न वापरता जाळून टाकते; अशा माणसाला प्रथिनाची पावडर देणे म्हणजे महाग इंधन पुरवणे. गोपालन यांनीही हैदराबादच्या मुलांत, एकाच प्रकारच्या आहारावर काही मुलांना क्वाशिओरकोर आणि काहींना सुकटा (मूल वाळत जाण्याचा आजार) होतो, हे नोंदवले होते. १९७४ मध्ये पोषणतज्ज्ञ डोनाल्ड मॅकलॅरन यांनी 'प्रथिन-संकटा'च्या कल्पनेवर घणाघाती टीका केली आणि जगाचे लक्ष प्रथिनांवरून उष्मांकांकडे वळले.

माझ्या मते सुखात्म्यांचा मुद्दा तेव्हा बरोबर होता आणि आजही अर्धपोटी माणसाच्या बाबतीत तो लागू आहे. मात्र त्यांच्या काळात लायसिनची गरज फार कमी धरली जात होती. अमेरिकेत व्हर्नन यंग यांनी आणि बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात अनुरा कुर्पाड यांच्या गटाने, खुणेचा, म्हणजे नेहमीपेक्षा जड असल्याने वेगळा ओळखता येणारा, कार्बन असलेली अमिनो आम्ले देऊन त्यांचा शरीरातला माग काढला. त्यातून जुनी नायट्रोजन-मोजणी लायसिनची खरी गरज पकडू शकत नव्हती, असे दिसले. १९८५ च्या आंतरराष्ट्रीय समितीने प्रौढांसाठी दर किलोला रोज १२ मिलिग्रॅम लायसिन पुरेसे मानले होते. २००७ च्या अहवालात तो आकडा ३० वर गेला. अडीच पट. कागदावर जे आहार निर्धोक होते ते या एका दुरुस्तीने काठावर आले. बंगळुरूच्या संशोधनात आणखी एक गोष्ट आढळली: पोटात जंत असलेल्या कुपोषित पुरुषांची लायसिनची गरज याहूनही अधिक होती. स्वच्छ पाणी आणि शौचालय यांचाही प्रथिनांशी संबंध आहे तो असा.

हे सर्व एका दिवसाच्या जेवणावर लावून पाहू. ५५ किलो वजनाची, विरारहून चर्चगेटला नोकरीला येणारी शाकाहारी स्त्री डोळ्यांसमोर आणावी. सकाळी ६० ग्रॅम पोह्यांचे कांदेपोहे, त्यात मूठभर शेंगदाणे: सात ग्रॅम प्रथिन. दिवसभराच्या दोन चहांत मिळून १०० मिलिलिटर दूध: तीन ग्रॅम. डब्यात तीन पोळ्या आणि बटाट्याची भाजी: ११ ग्रॅम. परतताना स्टेशनबाहेर एक वडापाव: सात-आठ ग्रॅम. रात्री दोन पोळ्या, ७५ ग्रॅम तांदळाचा भात आणि २० ग्रॅम तूरडाळीचे वरण: १७ ग्रॅमपर्यंत. बेरीज ४५ ग्रॅमच्या आसपास जाते, म्हणजे शिफारस जवळपास पूर्ण झाली. ग्रॅमच्या हिशेबाने येथे कोणतीही तक्रार करता येणार नाही.

आता त्याच जेवणातले लायसिन मोजू. ४५ पैकी सुमारे ३० ग्रॅम प्रथिन पोहे, पोळी, पाव आणि भात यांतून आलेले आहे, तर वरण आणि वड्याचे बेसन मिळून डाळीचा वाटा जेमतेम साडेसात ग्रॅम आहे. सगळ्यांतले लायसिन एकत्र केले तर अंदाजे १९०० मिलिग्रॅम होते. वनस्पतिजन्य प्रथिनांपैकी शरीराला प्रत्यक्षात ८० ते ८५ टक्केच पचवता येते, तेव्हा हाती उरते १५०० ते १६०० मिलिग्रॅम. दर किलोला ३० मिलिग्रॅमप्रमाणे तिची सरासरी गरज १६५० आहे. हा अंदाजी हिशेब आहे आणि वाटीच्या आकाराप्रमाणे तो थोडा इकडेतिकडे होईल, पण चित्र स्पष्ट आहे: हा आहार उपाशी ठेवणारा नाही आणि निश्चिंत राहावे असाही नाही. ज्या दिवशी दगदगीत नाश्ता राहतो किंवा रात्री वरणाऐवजी नुसता लोणचे-भात होतो, त्या दिवशी ती काठाच्या खाली असते.

याच जेवणात ३० ग्रॅम मुगाची उसळ वाढवली की सात ग्रॅम प्रथिन आणि साडेचारशे मिलिग्रॅमहून अधिक लायसिन मिळते, आणि सगळे चित्र बदलते. हीच गोष्ट डाळीचे पाणी कमी करून, म्हणजे माणशी २० ग्रॅमऐवजी ४० ग्रॅम डाळ शिजवून साधता येते. तूरडाळ, मूगडाळ, हरभराडाळ या सगळ्यांत १०० ग्रॅम कोरड्या डाळीमागे २१ ते २४ ग्रॅम प्रथिन असते. त्यामुळे कोणती डाळ श्रेष्ठ यावर वाद घालण्यापेक्षा ताटात किती पडते हे पाहणे अधिक उपयोगाचे. वरणाच्या वाटीत ही डाळ किती असते ते पाण्यावर अवलंबून आहे, आणि 'एक वाटी वरण' हे माप म्हणूनच फसवे आहे. सोयाबीनमध्ये ३५ ग्रॅमहून अधिक प्रथिन असते, पण मराठी घरांत ते फारसे रुळले नाही आणि चव पाहता त्याचे मला नवल वाटत नाही. वाटीभर दही किंवा एखादे अंडे यांनीही हेच साधते; अंड्याच्या शंभर ग्रॅममध्ये सुमारे १३ ग्रॅम प्रथिन असते, त्याचा जवळजवळ सगळा भाग पचतो आणि नऊही अमिनो आम्ले त्यात योग्य प्रमाणात असतात.

मासे खाणाऱ्या घरांना हा प्रश्न फारसा भेडसावत नाही. भाऊच्या धक्क्यावरून वा ससून डॉकवरून येणारी पापलेट-सुरमई परवडली नाही तरी बांगडा, मांदेली किंवा बोंबील चालतो. ओल्या बोंबलाच्या वजनात पाणीच फार असते. तो सुकवला की शंभर ग्रॅममध्ये ६० ग्रॅमच्या आसपास प्रथिन मिळते. पावसाळ्यातील मासेमारीबंदीच्या काळात कोळीवाड्यांत आणि कोकणी घरांत भाताबरोबर जवळ्याची चटणी वा सुकटीचे कालवण होते. हे पदार्थ थोडेच खाल्ले जातात, पण भातात जे नसते नेमके तेच त्यांत असते. फक्त त्यांतल्या मिठाचा विचार रक्तदाब असलेल्यांनी करायला हवा.

मोड आणण्याविषयी थोडे सांगायला हवे. कच्च्या कडधान्यांत ट्रिप्सिनच्या कामात अडथळा आणणारे घटक असतात. भिजवणे, मोड आणणे आणि व्यवस्थित शिजवणे यांनी ते बरेच कमी होतात आणि प्रथिन अधिक पचते. मोड आल्याने प्रथिनाचा आकडा दुप्पट होतो असे मात्र नाही; मोड आलेली मटकी पाण्याने फुगलेली असते, त्यामुळे उलट शंभर ग्रॅममागचे प्रथिन कमीच दिसते. पाव किंवा खारी खरपूस भाजताना साखर आणि लायसिन यांची रासायनिक क्रिया होऊन ते लायसिन वापरण्याजोगे राहत नाही. पावाच्या लादीत ते आधीच तुटपुंजे असते.

उपवासाच्या दिवशी तर हिशेब पुरताच कोलमडतो, कारण साबुदाणा म्हणजे टॅपिओकाच्या कंदातला जवळपास निव्वळ स्टार्च. साबुदाण्याच्या खिचडीत प्रथिन असते ते शेंगदाण्याच्या कुटामुळे. राजगिरा त्या मानाने फार चांगला. त्यात १३-१४ टक्के प्रथिन असते आणि त्यातले लायसिन नेहमीच्या धान्यांपेक्षा अधिक असते. राजगिऱ्याची पुरी किंवा लाडू आणि दूध असा उपवास एक दिवस सहज निभावतो.

वेष्टनावरच्या आकड्याविषयी सावध राहण्याचे एक तांत्रिक कारण आहे. पदार्थातले प्रथिन सहसा थेट मोजले जात नाही. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत योहान केल्डाल यांनी १८८३ मध्ये शोधलेल्या पद्धतीने त्यातला नायट्रोजन मोजतात आणि त्याला ६.२५ ने गुणतात, कारण प्रथिनांत सरासरी १६ टक्के नायट्रोजन असतो. नायट्रोजन प्रथिनातलाच आहे की दुसऱ्या कशातला, हे या पद्धतीला कळत नाही. चीनमध्ये २००८ साली पाणी घातलेल्या दुधात मेलामाइन हे नायट्रोजनयुक्त रसायन मिसळून प्रथिनांचा आकडा फुगवला गेला आणि लहान मुलांची मूत्रपिंडे निकामी झाली. काही मुले दगावली. पावडरींमध्ये ग्लायसीनसारखी स्वस्त अमिनो आम्ले घालून आकडा वाढवण्याची लबाडी विषारी नसली तरी त्याच जातीची आहे. पदार्थ पचतो किती आणि त्यातले सर्वांत कमी पडणारे अमिनो आम्ल किती आहे, यावरून प्रथिनाची प्रत ठरवण्याच्या पद्धती अस्तित्वात आहेत. अन्न व कृषी संघटनेने २०१३ मध्ये त्यांतली सुधारित पद्धत सुचवली. ग्राहकाच्या हाती पडणाऱ्या वेष्टनावर मात्र बहुधा फक्त ग्रॅमच असतात.

व्हे पावडर म्हणजे चीज किंवा पनीर करताना उरणाऱ्या निवळीतले प्रथिन. ते चांगल्या प्रतीचे आहे यात शंका नाही. त्यात ल्युसीन विशेष असते आणि ल्युसीनमुळे स्नायूंतली प्रथिनबांधणी सुरू होण्यास चालना मिळते. पण ती बांधणी टिकते व्यायामामुळे. वजने उचलणाऱ्यांच्या बाबतीत दर किलोला रोज १.६ ग्रॅमच्या पुढे प्रथिन वाढवून स्नायूंत सहसा आणखी भर पडत नाही, असे अनेक प्रयोगांच्या एकत्रित अभ्यासातून दिसले आहे. जो तरुण आठवड्यातून दोनदा व्यायामशाळेत जातो आणि एरवी खुर्चीत बसतो, त्याला दूध, अंडी, डाळ यांतून पुरेसे प्रथिन सहज मिळते. पावडरचा डबा त्याने घेतला तर त्याच्या खिशाचे नुकसान होते, शरीराचे नाही.

खरी काळजी घ्यावी अशी माणसे वेगळी आहेत. गर्भवतीला दुसऱ्या तिमाहीत रोज साडेनऊ आणि तिसऱ्या तिमाहीत २२ ग्रॅम जादा प्रथिन लागते. स्तनपानाच्या पहिल्या सहा महिन्यांत ही भर १७ ग्रॅमची असते. लहान मुलांची गरज वजनाच्या मानाने मोठ्यांपेक्षा जास्त असते आणि त्यांचे पोट लहान असते, म्हणून त्यांना पातळ पेज भरवून भागत नाही. शालेय पोषण आहारात प्राथमिक वर्गांसाठी ४५० किलोकॅलरी व १२ ग्रॅम प्रथिन आणि उच्च प्राथमिक वर्गांसाठी ७०० किलोकॅलरी व २० ग्रॅम प्रथिन ठरवलेले आहे, त्यात ऊर्जा आणि प्रथिन यांचा विचार एकत्र केलेला दिसतो.

साठी ओलांडलेल्यांकडे घरात सर्वांत कमी लक्ष जाते. वयानुसार स्नायू प्रथिनाला पूर्वीइतका प्रतिसाद देत नाहीत, त्यामुळे त्यांना तरुणांपेक्षा अधिक, म्हणजे दर किलोला एक ते १.२ ग्रॅम प्रथिन घ्यावे असे अनेक तज्ज्ञ सुचवतात. प्रत्यक्षात घडते उलटे. दात दुखतात, उसळ पचत नाही असे वाटते, आणि रात्रीचे जेवण चहा-बिस्किटे किंवा दूध-पोहे यांवर येऊन थांबते. मऊ मुगाची खिचडी, धिरडे, पिठले, दही, उकडलेले अंडे हे पदार्थ चावायला सोपे आहेत आणि त्यांत हवे ते सर्व आहे. त्याला रोजच्या चालण्याची आणि खुर्चीवरून हात न टेकता उठण्या-बसण्याच्या व्यायामाची जोड मिळाली तर जिने चढण्याची ताकद अधिक काळ टिकते. जुन्या चाळींत आणि उद्वाहन नसलेल्या इमारतींत याचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

निरोगी माणसाची मूत्रपिंडे नेहमीच्या आहारातल्या प्रथिनाने बिघडतात याला आधार नाही. मूत्रपिंडाचा दीर्घकालीन आजार असेल आणि डायलिसिस सुरू झालेले नसेल, तर डॉक्टर बहुधा प्रथिन दर किलोला ०.६ ते ०.८ ग्रॅमपर्यंत मर्यादित ठेवायला सांगतात. डायलिसिस सुरू झाले की अमिनो आम्ले त्यातून वाहून जातात, आणि त्याच रुग्णाला आता एक ते १.२ ग्रॅम खायला सांगितले जाते. हा बदल अनेक घरांत नीट समजून घेतला जात नाही. आधीचे पथ्य चालू राहते आणि रुग्ण खंगत जातो. मधुमेह आणि रक्तदाब यांचे प्रमाण पाहता असे रुग्ण मुंबईत जवळपास प्रत्येक गृहसंकुलात आहेत. त्यांनी डाळ आणि अंडी बंद करण्याचा किंवा वाढवण्याचा निर्णय शेजाऱ्याच्या सल्ल्याने न घेता, आपल्या तपासणीचे आकडे पाहणाऱ्या डॉक्टरांशी व आहारतज्ज्ञांशी बोलून घ्यावा आणि डायलिसिस सुरू होताच पथ्य बदलले आहे का, हे आवर्जून विचारावे.